चिकातला कृष्ण

आमच्या देवघरातला बाळकृष्ण फणसाच्या चिकात रंगवलेला आहे, या एका वाक्यावर मी डॉक्टरेट मिळवली, परदेशवाऱ्या केल्या आणि पुण्याच्या प्रयोगशाळेत स्वतःची खोली पटकावली. वाक्य चुकीचं होतं. त्यातला 'चिकात' एवढाच शब्द बरोबर होता, आणि सगळा घोळ नेमका त्याच शब्दानं केला.

कोकणात वाढलेल्या कुणालाही चीक म्हटलं की आधी फणस आठवतो. हाताला लागला की खोबरेल चोळल्याशिवाय सुटत नाही. आये, म्हणजे माझी आई, त्या चित्राला 'चिकातलो कृष्ण' म्हणायची. आमचं घर सावंतवाडीकडच्या चिताऱ्यांचं. वडील लाकडी खेळणी रंगवायचे, गणपतीचे डोळे काढायचे. कुणी विचारलं तर सांगायचे, कृष्ण आमच्या खापरपणज्यानं काढला, दोनशे वर्षं झाली. फळी फणसाची, चीक फणसाचा, पणजा आमचा. शंका घ्यायचं मला काही कारण दिसलं नाही.

रंगाची पूड फळीवर आपोआप टिकत नाही. तिला धरून ठेवायला काहीतरी चिकट लागतं. डिंक, सरस, अंड्याचा बलक, चिंचोक्याची खळ, असं काहीही. त्याला आम्ही बंध म्हणतो. फणसाचा चीक बंध म्हणून वापरल्याचं जगात कुणाला ठाऊक नव्हतं, ते मी सांगितलं. त्या काळची यंत्रं अर्धवट होती. थोडी प्रथिनं, थोडी साखर, थोडी चरबी, एवढं मोघम सांगून गप्प बसायची. माझ्या परीक्षकांपैकी कुणी जन्मात फणस चिरला नसावा. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

यंदा, दोन हजार त्रेचाळीसात, आमच्याकडे बंधवाचक आलं. शिवणयंत्राएवढं यंत्र, गाडीच्या डिकीत मावतं. खसखशीच्या दाण्याहून लहान कपची त्यात टाकायची. प्रथिन म्हणजे एक लांबलचक साखळी असते आणि प्रत्येक प्राण्याच्या साखळीत कड्यांचा क्रम वेगळा असतो. गाईच्या दुधाचा एक, म्हशीच्या दुधाचा दुसरा. बंधवाचक हा क्रम कडी न कडी वाचतं. रंगात पेशींचे तुकडे अडकले असतील तर त्यांतला डीएनएही वाचतं, आणि मग कुठल्या जातीचा प्राणी एवढ्यावर न थांबता नेमका कुठला प्राणी तेही सांगतं. फार चोंबडं यंत्र आहे. त्याचा एकच त्रास होतो. हाताळणाऱ्यांचा घाम, थुंकी, सगळं त्यात येतं. म्हणून आम्हा सगळ्या कर्मचाऱ्यांचे नमुने त्यात आधीच भरून ठेवलेत, आणि प्रत्येक अहवालाच्या तळाशी एक ओळ येते, की यात कर्मचाऱ्यांपैकी कुणाचं काय आहे. नाहीतर पेशवाईतल्या चित्रात आमच्या तहसीनची शिंक निघायची.

एका संग्रहालयाला आमचा कृष्ण हवा होता. त्यांना बंधवाचकाचा दाखला पाहिजे होता. गणपतीला घरी गेले तेव्हा मी आयेला विचारलं. तिचं हृदय थकलेलं होतं, खाटेवरून उठणंही कमी झालं होतं. तिनं चित्राकडे मान वळवली.

"खांद्यावयलो काढ," ती म्हणाली. "तोंडाक हात लावू नको."

---

"मॅडम, फणस नाही हा," तहसीन पडद्यावरून मान न काढता म्हणाली. ती सांगलीची, यंत्र चालवणारी, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान आणि बोलायला माझ्याहून स्पष्ट.

"मग काय आहे?"

"दूध."

"गाईचं असेल."

"माणसाचं आहे. बाईचं." ती घुटमळली. "तेही नेहमीचं नाही. बाळंतपणानंतर पहिले दोन-तीन दिवस येतं ते. दाट, पिवळट. गाईचं असलं की आपण खरवस करतो बघा."

मी खुर्ची ओढून बसले. शब्द माझ्याच तोंडातून बाहेर आला.

"चीक."

दवाखान्यांच्या भिंतींवर तक्ते लावलेले असतात, बाळाला पहिलं चिकाचं दूध पाजा म्हणून. ते मी शेकडो वेळा वाचले होते. आये चिकातलो म्हणायची आणि मी फणसाच्या झाडावर चढून बसले होते. मला हसू आलं. माझी डॉक्टरेट गेली होती आणि मी हसत होते.

पुढचं वाचून तर मी उठून उभीच राहिले. कृष्णाच्या अंगावरच्या पांढऱ्यात टिटॅनियम होतं. ते पांढरं विसाव्या शतकाआधी कुणाकडे नव्हतं, म्हणजे खापरपणजा बाद. वर्षाचा शोध कार्बनवरून लागला. एकोणीसशे साठच्या आसपास देशोदेशी अणुबाँबच्या चाचण्या झाल्या, हवेतला जड कार्बन दुपटीवर गेला, आणि तेव्हापासून दरवर्षी थोडा थोडा उतरत आला. त्या हवेवर गवत, भात, माणसं वाढली. त्यामुळे त्या काळातल्या कुठल्याही जिवाच्या अंगावर वर्षाचा शिक्का असतो, दुधावरही. आमच्या कृष्णावर शिक्का होता एक्क्याण्णवचा.

मी एक्क्याण्णवची.

"तहसीन, अगं हा कृष्ण म्हणजे मी!" मी तिचे खांदे धरून हलवले. "आईनं माझ्या वेळच्या पहिल्या दुधात रंगवलाय. आणि एवढी वर्षं बोलली नाही बघ, लबाड बाई."

तहसीन हसली नाही.

"मॅडम, शेवटची ओळ वाचली का?"

मी वाचली. कर्मचाऱ्यांपैकी कुणाचाही अंश नाही. कर्मचाऱ्यांपैकी कुणाशीही रक्ताचं नातं नाही.

ज्या बाईचं दूध होतं, ती माझी कुणी नव्हती. तहसीननं यंत्र पुसलं, पुन्हा चालवलं. ओळ तीच आली. मी घरी फोन केला नाही. असलं काही फोनवर विचारायचं नसतं. बंधवाचक गाडीत घातलं, जिल्ह्यातल्या देवळांची भित्तिचित्रं तपासायची आहेत असं कार्यालयात सांगितलं आणि निघाले. घाट उतरेपर्यंत मी एक आशा धरून होते. चित्र दुसऱ्याच कुणा बाईनं काढलं असेल. आयेची जाऊ, शेजारीण, कुणीही.

---

"इलंस? जेवन इलंस काय?" आयेनं विचारलं. तिला माझ्या येण्याचं नवल वाटलेलं दिसलं नाही.

मी तिच्या खाटेवर बसले. "आये, तो चीक फणसाचो न्हय."

"मी खंय म्हटलंय फणसाचो?"

"मगे इतकी वर्सां सांगलंस कित्या नाय?"

"तू इचारलंस खंय? तुका माहीत होता तसा तू लिवलंस." ती किंचित हसली. "माका वाटला, शिकलेली माणसां. काय तरी दुसरा आसतला."

मग मी सरळच विचारलं. दूध कुणाचं? तिनं पदर नीट केला आणि म्हणाली, "माझा."

बाहेर शेजाऱ्यांचा रेडिओ लागला होता. तिनं तो थांबू दिला. मग आये सांगू लागली. रडत नव्हती, कुणाला तरी वाट समजावून सांगावी तशी बोलत होती.

"माका झटके इले बाळंतपणात. दोन दीस सुद नव्हती. सुद इली तर घरात कायच नाय. पाळणो पण सासून माळ्यार टाकल्यान. मी इचारलंय, बाळ खंय? सासू म्हणाली, ता गेला." तिनं श्वास घेतला. "दूध मात्र इला. तेका कोणी सांगललाच नाय. पदर भिजान जाय. पिळून टाकूक मन होईना. तुझ्या बापसाचे रंग होते, फळी होती. त्यातच घोटलंय. तोंड मी बघललंयच नाय. मनात इला तसा काढलंय."

"आणि बाबा खापरपणज्याचं सांगायचे."

"मगे काय सांगतलो बिचारो?"

चित्रातल्या कृष्णाचा चेहरा आजही ओला वाटावा असा तुकतुकीत आहे, पण पाय भेगाळून पोपडे धरलेले. मी माझ्या प्रबंधात त्या पायांवर एक अख्खं प्रकरण लिहिलं होतं, दमट हवेचा परिणाम म्हणून. आये म्हणाली, "पायांका पोचलंय तवसर दूध सुकला. पाय डिंकान केलंय. म्हणान ते फुटतत."

"आणि मी?"

"बाराव्या दिसा तुझो बापूस तुका घेवन इलो. टॉवेलात गुंडाळून. तुका जल्म दिल्यान ती आवस दवाखान्यातच वारली. तुका न्हेवक कोणच इला नाय. तू रडा होतंस. मी तुका छातीक लावलंय." इथे तिचा आवाज पहिल्यांदा फाटला. "थेंब नाय गे. सगळा मी तेका दिललंय. तुका शेळयेचा दूध पाजलंय."

मला त्या फळीवरच्या पोराचा हेवा वाटला. बावन्न वर्षांची बाई मी, पण वाटला, आणि तो लपवायचंही सुचलं नाही.

"म्हणजे माका तेच्या जाग्यार घेतलंस."

"खुळी काय तू?" आये ताडकन म्हणाली. खाटेवरच्या बाईत एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं. "तो झील, तू चेडू. तेची जागा तेका, तुझी तुका. मी कधी सरमिसळ केलंय नाय. चेडू झाला तर केतकी नाव ठेवचा, ह्या मी पोटुशी आसतानाच ठरवललंय. झील झालो, गेलो. नाव तसाच रवला. तू इलंस आणि तुका दिलंय. ता तुझाच नाव. दुसऱ्या कोणाचा उतरवललेला न्हय."

तो मुलगा आणि मी मुलगी, म्हणून दोन जागा वेगळ्या. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि रडले. तिनं केसांतून हात फिरवला. ज्यासाठी मी घाट उतरून आले होते ते मला मिळालं होतं. तिथेच उठून मी पुण्याला परतले असते तर आयुष्यभर सुखी राहिले असते.

पण आयेचा हात थांबला.

"केतके, झील होतो ह्या माका कोणी सांगललाच नाय."

मी मान वर केली.

"सगळे म्हणत, ता गेला. पोटच्या पोराक आपण 'ता'च म्हणतो. देवीन झिलाचो कौल दिललो, म्हणान तेचो 'तो' मी केलंय. सासूक इचारूचो धीर झालो नाय. ती गेली, सुईण गेली, तुझो बापूस गेलो. तो तर बघललो. पण तेनी कधी तोंड उघडल्यान नाय." तिनं कोपऱ्यात ठेवलेल्या यंत्राच्या पेटीकडे बोट केलं. "ह्या तुझा मशीन सांगात काय? झील की चेडू?"

मराठीत बाळ नपुंसकलिंगी असतं, हे व्याकरणात शिकताना मला गंमत वाटली होती. त्या 'ते'च्या आड एक अख्खं मूल नाहीसं करता येतं हे मला माहीत नव्हतं.

---

यंत्र सांगू शकत होतं. गर्भातल्या बाळाच्या काही पेशी आईच्या रक्तात उतरतात आणि तिथे वर्षानुवर्षं राहतात. थोड्या दुधातही येतात. आईच्या हजारो तुकड्यांत बाळाचे दोन-चार. ते ओळखायची खूण सोपी असते, कारण त्यांतला अर्धा भाग आईचा असतो आणि अर्धा वडिलांचा. पण त्यासाठी अगदी सुरुवातीचा चीक हवा, आणि तो जास्त घ्यावा लागतो. शुद्धीवर आल्यावर आलेल्या पहिल्या चिकानं आयेनं चेहरा रंगवला होता.

"आये, तोंडाचा काढूक लागतला. गालाचा. परत भरूक येवचा नाय."

चित्र तिनं मांडीवर घेतलं होतं, एका हातानं मानेखाली आधार दिल्यासारखं.

"काढ," ती म्हणाली. "आणि मी हयच बसान रवतंय."

मी आजवर किती देव, राजे, नायिका खरवडल्या असतील, नजर कधी ढळली नाही. त्या दिवशी भिंग लावून पातं डाव्या गालावर टेकवलं आणि मला बघवेना. नखाएवढी जागा उघडी पडली, खालचं लाकूड दिसलं. आयेनं डोळे मिटले नाहीत. "दुखात काय तेका," असं ती स्वतःशीच म्हणाली, आणि मी ऐकलं नाही असं दाखवलं.

यंत्र चालू झालं. मी पेज केली, तिला भरवली. एरवी ती दोन घासांवर तोंड फिरवायची, त्या दिवशी निमूट जेवली. परीक्षेला जाणाऱ्या मुलीसारखी.

उत्तर आलं तेव्हा मी पडवीत यंत्राशी एकटी होते. बाळाचे तुकडे सापडले होते. अर्धे दुधाच्या बाईचे, अर्धे एका पुरुषाचे. पुरुषाकडून आलेल्या त्या अर्ध्यात मुलग्याचं वाय नव्हतं, मुलीचं एक्स होतं. मी आकडे पुन्हा पाहिले. शंकेला जागा नव्हती.

मुलगी.

मी पायरीवर बसले. खोटं बोलणं सोपं होतं. यंत्राच्या पडद्यावरचं आयेला वाचता येत नव्हतं. झील म्हटलं असतं तर तिचा कृष्ण कृष्ण राहिला असता आणि माझी जागा माझी राहिली असती. तो झील, तू चेडू, हा तिनं घातलेला बांध होता, आणि त्याच्या अलीकडे मी बावन्न वर्षं सुरक्षित होते. हे मला स्वच्छ कळत होतं. मी संत नाही. तिथे बसून मी झील हा शब्द म्हणूनही पाहिला, हळू आवाजात.

पण एका बाईला तिच्या पोटच्या पोरीबद्दल सगळ्यांनी 'ता गेला' म्हणून वाटेला लावलं होतं. सासूनं, सुइणीनं, माझ्या भल्या बापानंसुद्धा. आता तिनं मला विचारलं होतं. मी तिचीच मुलगी असेन तर मला त्या रांगेत उभं राहता येणार नव्हतं.

मी आत गेले.

"आये, चेडू होता."

तिनं आधी माझ्याकडे बघितलं. मग चित्राकडे बघितलं.

"चेडू?" ती म्हणाली. "माझा चेडू?"

तिनं बोट त्या खरवडलेल्या गालावर ठेवलं. "बाये गे माझे," ती म्हणाली, "इतकी वर्सां तुका झील म्हटलंय गे मी. किती हाका मारलंय. तू वळून बघतलंस कसा?" आणि ती रडली. सगळ्या वर्षांचं रडणं एकदम यावं तशी रडली. मी तिला धरलं, पण तिच्या दोन्ही हातांत फळी होती, त्यामुळे मला नीट धरता आलं नाही.

संध्याकाळी ती शांत झाली. दिवा लावायला सांगितला. मग म्हणाली, "माझे दीस भरले. आता वयर गेल्यार तिका हाक कशी मारू? नाव नाय तिका."

"ठेव ना नाव."

"चेडवाचा नाव मी एकच काढललंय."

मला ते पायरीवर बसले होते तेव्हाच कळलं होतं. तरी मी तिला ते म्हणू दिलं. आये माझ्याकडे बघत नव्हती. जन्मात कधी कुणाकडे काही न मागितलेली बाई, ती मागत होती.

"तुझा घेव काय गे?"

"घे," मी म्हणाले. "तिचाच ता."

"तुका मी मगे काय म्हणू?"

"काय पण म्हण."

"लोक तुका केतकीच म्हणतले," ती घाईघाईनं म्हणाली. "कागदार पण ताच रवतला. फक्त माझ्या तोंडात..." तिनं माझा हात तिच्या गालाला लावला. माझ्यावरची माया कमी झाली नव्हती, हे मी शपथेवर सांगेन. तिच्याकडे नाव मात्र एकच होतं, आणि मुली दोन निघाल्या.

---

संग्रहालयाला मी नकार कळवला, आणि फणसाच्या चिकाबद्दलचा माझा सिद्धांत चुकीचा असल्याचं नियतकालिकाला लिहून पाठवलं. खरा बंध कोणता ते लिहिलं नाही. तहसीनचा फोन आला. कार्यालयात तुमची रजा मांडून घेते, एवढंच म्हणाली.

आये त्यानंतर थोडेच दिवस होती. मला ती "गे" म्हणायची, "हडे ये" म्हणायची, पाणी मागताना नुसती बघायची. नाव घ्यायची वेळ आली की अडखळायची आणि माझा हात दाबायची. दुपारी डुलकी लागली की ती फळीशी बोलायची. केतके, थंडी वाजता काय गे. केतके, मी येतंय हां. सुरुवातीला मी प्रत्येक वेळी स्वयंपाकघरातून धावत यायचे. दारात आले की कळायचं. मग मी यायची थांबले, आणि ते थांबणं शिकायला मला जड गेलं.

शेवटच्या सकाळी तिचा श्वास लांब लांब येऊ लागला. मी उशाशी बसून होते, तिचा हात माझ्या हातात होता. तिनं डोळे उघडले, पण ते माझ्यावर थांबले नाहीत. माझ्या खांद्यावरून पलीकडे, दाराकडे ती बघत होती, आणि तिचा चेहरा एकदम उजळला.

"केतकी," तिनं हाक मारली. मोठ्यानं, खणखणीत. लहानपणी मला तिन्हीसांजेला बोलवायची तशीच.

माझ्या गळ्यापर्यंत ओ आली होती.

मी ओ दिली नाही.